सर्व्हर रात्री रिकामा असतानाच रॅमच्या करेक्टेबल एरर येतात: सी-स्टेट बंद करणं हा इलाज आहे का?

कोथरूड_डेपो (सोमवार, सकाळी १०.१२)

मंडळी, नमस्कार. दोन सॉकेटचा रॅक सर्व्हर, कॅस्केड लेक पिढीचे झिऑन, ३२ जीबीच्या १२ आरडिम (डीडीआर४, २९३३), म्हणजे प्रत्येक चॅनेलला एक स्टिक. लिनक्स आहे, ईडॅक (रॅमच्या चुका नोंदवणारा कर्नलचा भाग) चालू आहे. लॉगमध्ये करेक्टेबल एरर (रॅमच्या आपोआप दुरुस्त झालेल्या चुका) येतायत, सगळ्या सॉकेट ० च्या एकाच चॅनेलवर. दिवसा लोड असताना जवळपास काहीच नाही, रात्री २ ते ५ मध्ये ओळीने. अनकरेक्टेबल एकही नाही.

उत्पादकाच्या सपोर्टचं उत्तर: "बायोसमध्ये सी-स्टेट बंद करा आणि निरीक्षण करा." (सी-स्टेट म्हणजे रिकाम्या प्रोसेसरच्या झोपेच्या पातळ्या.) स्टिक बदलून द्यायला तूर्तास तयार नाहीत, कारण त्यांच्या लॉगमध्ये थ्रेशोल्ड (एररची ठरलेली मर्यादा) ओलांडलेला दिसत नाही.

प्रोसेसरच्या झोपण्याचा आणि रॅमच्या चुकांचा खरंच संबंध असतो, की टिकीट बंद करायची ही पद्धत आहे? आणि बंद केलं तर विजेत किती फटका?

हिंजवडी_फेज३ (सोमवार, १०.४०)

संबंध असतो. आमच्याकडे डेटाबेसच्या सगळ्या मशीनवर पॅकेज सी-स्टेट (अख्ख्या प्रोसेसरची झोप) बंदच असतात, तेही मुळात लेटन्सीसाठी. बंद केलं की असल्या एरर बऱ्याचदा थांबतात. करा आणि पुढच्या कामाला लागा. वॉरंटीत असेल तर स्टिक मागून घ्या, फुकट आहे ती.

चिमणबाग (सोमवार, १०.५१)

दुपारी एक ते चार झोपणाऱ्यांच्या शहरात प्रोसेसरला मात्र झोपू द्यायचं नाही, हा अन्याय आहे.

मॅकचेक (सोमवार, दुपारी १२.३०)

फेज३, "थांबतात" आणि "दिसेनाशा होतात" यात फरक आहे. सी-स्टेट बंद करणं ही निदानाची पायरी म्हणून उत्तम आहे, पण इलाज म्हणून मी ती धरत नाही. कारण लिहितो, जरा लांबेल.

रिकाम्या मशीनवर रात्री एरर दिसण्याची तीन वेगवेगळी कारणं असतात आणि ती एकमेकांत मिसळली की सगळा घोळ होतो.

पहिलं, पॅट्रोल स्क्रब. मेमरी कंट्रोलर सगळी रॅम सावकाश वाचत, चूक सापडली तर दुरुस्त करून परत लिहीत फिरतो. एक फेरी साधारण २४ तासांची असते. एखादा सेल खराब असेल तर स्क्रबर त्या पत्त्यावर रोज ठरावीक वेळी पोचतो आणि रोज त्याच सुमारास नोंद पडते. लोक म्हणतात "रात्रीच येते, म्हणजे आयडलमुळे". आयडलचा तिथे काही संबंध नसतो.

दुसरं, रात्रीचा बॅकअप किंवा क्रॉनमधलं काम. दिवसभर ज्या पानांना कोणी हात लावत नाही ती पानं तेव्हा वाचली जातात. चूक आधीपासून तिथे असते, उघडकीला तेव्हा येते.

तिसरं, खरोखर वीजबचतीतून आत-बाहेर करताना होणारी चूक. सगळे कोर सी६ (कोरची सर्वांत खोल झोप) मध्ये गेले की पॅकेजही खाली जाऊ शकतं. बायोसने मुभा दिली असेल तर त्या वेळी रॅमला सेल्फ-रिफ्रेशमध्ये टाकतात: कंट्रोलर तिला रिफ्रेश द्यायचं थांबवतो आणि चिप्स स्वतःचं स्वतः रिफ्रेश करतात. बाहेर येताना डीएलएल (क्लॉक जुळवणारं सर्किट) पुन्हा लॉक व्हावा लागतो, त्यात शेकडो क्लॉक जातात, आणि त्याच क्षणी करंटची मागणी एकदम उसळते. सिग्नलला मार्जिन कमी असेल, संपर्क ढिला असेल, तर पहिली काही रीड चुकतात. सतत लोड असलेल्या मशीनवर हा प्रवेश-निर्गम होतच नाही, म्हणून दिवसा सगळं गोडीगुलाबीत.

तिघांना वेगळं कसं करायचं? ईडॅकच्या ओळीत शेवटाकडे "एरर-कोड" असतो, कोलनच्या दोन्ही बाजूंना चार-चार अंक. उजवीकडचे चार अंक म्हणजे मशीन चेकचा मूळ कोड. तो ००९ ने सुरू होत असेल तर चूक साध्या रीडमध्ये सापडली, ००सी ने सुरू होत असेल तर स्क्रबरला सापडली. शेवटचा अंक चॅनेलचा, तिथे एफ असेल तर चॅनेल कळलेलं नाही. त्याच ओळीत पुढे रँक, रो, कॉलम, बँक, बँक-ग्रुप असतात, म्हणजे चूक रॅममध्ये नेमकी कुठे झाली त्याचा पत्ता.

तेव्हा हे द्या: दहा-बारा ओळींमधले कोड, रँक आणि रो, आणि त्यांच्या वेळा. त्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

जलतरंग (सोमवार, १.१५)

मॅकचेक यांच्याशी सहमत, फक्त एक भर. मशीन रात्री खरोखर पॅकेज सी६ मध्ये जातं का हे आधी मोजा. बायोसमध्ये काय लिहिलंय यावर विसंबू नका.

इंटेलवर लिनक्सचा इंटेल-आयडल ड्रायव्हर सी-स्टेटची स्वतःची यादी घेऊन येतो. जुन्या कर्नलमध्ये बायोसने एसीपीआयमार्फत (बायोस ऑपरेटिंग सिस्टिमला देतो ती माहिती) सी६ लपवला तरी ड्रायव्हर तो वापरायचा. "बायोसमध्ये बंद केलंय हो" म्हणणाऱ्या मशीनवर टर्बोस्टॅट (झोपेचे टक्के आणि वॉट मोजणारं लिनक्सचं साधन) लावला की सी६ चा रकाना ९० टक्के दाखवायचा. नवीन कर्नल सर्व्हर प्रोसेसरसाठी एसीपीआयची यादीही बघतात, तरी मोजल्याशिवाय बोलू नये.

टर्बोस्टॅट रूट म्हणून ६० सेकंदांच्या अंतराने रात्रभर फाइलमध्ये लिहायला लावा. बघायचे रकाने: कोरचा सी६ टक्का, पॅकेजचे पीसी२ आणि पीसी६, पॅकेज वॉट, रॅम वॉट, आणि एसएमआय (बायोसने मध्येच घेतलेले व्यत्यय). पीसी६ शून्य असेल तर तिसरं कारण तिथेच बाद. रॅम वॉटचा आकडा पीसी६ सोबत खाली पडत असेल तर सेल्फ-रिफ्रेश होतंय.

सी-स्टेट म्हणजे नक्की काय बंद करायचं हेही सांगतो, कारण सपोर्टवाले सगळं एका पोत्यात घालतात. तुमच्या पिढीवर लिनक्सला चार स्टेट दिसतात: ० म्हणजे पोल, १ म्हणजे सी१, २ म्हणजे सी१ई, ३ म्हणजे सी६. ड्रायव्हरच्या तक्त्यात जागं व्हायला सी१ ला २ मायक्रोसेकंद, सी१ई ला १०, सी६ ला १३३ धरलेत, आणि सी६ परवडायला किमान ६०० मायक्रोसेकंद झोप मिळावी लागते. हे झाले कोरचे. पॅकेजचे स्टेट वेगळे, ते ऑपरेटिंग सिस्टिम थेट मागत नाही. सॉकेटमधले सगळे कोर सी६ मध्ये असतील, पलीकडचा सॉकेट आणि पीसीआय डिव्हाइस शांत असतील, तरच हार्डवेअर पॅकेजला खाली नेतं.

यातूनच एक सोपी युक्ती निघते. बायोसला हात न लावता, रीबूट न करता पॅकेज सी६ अडवायचं असेल तर प्रत्येक सॉकेटमधल्या फक्त एका सीपीयूवर स्टेट ३ बंद करा. सीपीयूपॉवरच्या आयडल-सेटने होतं, किंवा सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग जिथे फाइल म्हणून दिसतात तिथे) त्या सीपीयूच्या सीपीयूआयडल खालच्या स्टेट३ च्या डिसेबल फाइलीत १ लिहून. हायपरथ्रेडिंगमधला एक धागा अडवला तरी पुरतं, कारण कोर सी६ ला जायला दोन्ही धाग्यांची संमती लागते. एक कोर जागा राहिला की अख्खं पॅकेज अडतं, बाकीचे कोर मात्र सी६ चा फायदा घेत राहतात. परत ० लिहिलं की पूर्ववत. निदानासाठी याहून स्वस्त काही नाही.

कोथरूड_डेपो (मंगळवार, सकाळी ९.०५)

आभार. माहिती काढली:

कोड सगळे ००९१. एकही ००सी१ नाही. रँक ० आणि १ दोन्ही आहेत, रो प्रत्येक ओळीत वेगळी, बँकही वेगवेगळ्या. वेळा कुठल्याही ठेक्यात नाहीत, दोन-तीन एकदम आणि मग मोठी फट, असं. रात्री पीसी६ ७० ते ८५ टक्के, रॅम वॉट स्पष्ट खाली. एसएमआय वाढत नाहीत. बॅकअप ११ वाजता सुरू होऊन साडेबाराला संपतो, तेव्हा एरर नाहीत.

मॅकचेक (मंगळवार, ९.५०)

वा, असा धागाकर्ता मिळायला भाग्य लागतं.

खराब सेल असता तर तीच रो, तीच बँक पुन्हा पुन्हा दिसली असती. अख्खी चिप जात असती तर एकाच रँकमध्ये गर्दी झाली असती. तुमच्याकडे दोन्ही रँक, विखुरलेल्या रो, पण चॅनेल एकच. म्हणजे बिघाड त्या चॅनेलमध्ये जे सामायिक आहे त्यात आहे: स्टिकवरचा रजिस्टर, स्टिक आणि स्लॉटमधला संपर्क, बोर्डवरच्या रेषा, सीपीयू सॉकेटमधल्या पिना, किंवा सीपीयूतला कंट्रोलर. डीडीआर४ मध्ये १.२ व्होल्टचा रेग्युलेटर बोर्डावर असतो आणि तो अनेक चॅनेलना मिळून वीज देतो. तो ढेपाळत असता तर शेजारच्या चॅनेलवरही डाग दिसले असते. (डीडीआर५ मध्ये हा तर्क चालत नाही, तिथे रेग्युलेटर स्टिकवरच बसवलेला असतो.)

आता जलतरंग यांची युक्ती लावा, रोजच्यासारख्याच लोडवर काही रात्री ठेवा, मग पूर्ववत करून तितक्याच रात्री ठेवा. दोन्ही बाजू मोजल्याशिवाय निष्कर्ष नको. एरर अशाही आपणहून गायब होतात आणि श्रेय शेवटी बदललेल्या सेटिंगला जातं.

तुम्हाला मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवायचा सल्ला मिळाला असेल किंवा मिळेल. तो या केसमध्ये निरुपयोगी आहे. मेमटेस्ट प्रोसेसरला सतत जुंपून ठेवतो, पॅकेज झोपतच नाही, मग झोपेतून उठतानाची चूक पकडणार कशी? रात्रभर हिरवा निकाल येतो आणि स्टिक निर्दोष ठरते. त्याऐवजी स्ट्रेसॲपटेस्ट (रॅमवर लोड टाकणारा प्रोग्राम) ४० सेकंद, मग ८० सेकंद काहीच नाही, असं लूपमध्ये चालवा. मेमरी एकूण रॅमच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर ओओएम-किलर (मेमरी संपली की प्रोग्राम बंद पाडणारा कर्नलचा भाग) तुमचीच सर्व्हिस मारेल. या चढ-उतारात एरर रात्रीची वाट न बघता भर दुपारी दिसू लागल्या, तर तिसऱ्या कारणावर शिक्का.

हिंजवडी_फेज३ (मंगळवार, १०.२०)

हे सगळं ठीक आहे, पण ज्याच्याकडे शेकडो मशीन आहेत तो प्रत्येक स्टिकची कुंडली मांडत बसेल का? ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी रॅम) कशासाठी घेतलंय मग? एक बिट चुकला, दुरुस्त झाला, विषय संपला. करेक्टेबल एरर सगळ्यांकडे असतात.

शेपूची_भाजी (मंगळवार, ११.०५)

सगळ्यांकडे नसतात, हीच तर गंमत आहे. गूगलच्या ताफ्यावरचा २००९ चा अभ्यास बघा: वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशीनवर आणि ८ टक्क्यांहून थोड्या जास्त डिमवर (म्हणजे स्टिकवर) करेक्टेबल एरर दिसल्या. म्हणजे बहुसंख्य स्टिकवर वर्षभरात एकही नाही. आणि ज्या स्टिकवर एकदा आली तिथे त्याच महिन्यात पुन्हा येण्याची आणि पुढे अनकरेक्टेबल होण्याची शक्यता कितीतरी पटीने वाढते. कॉस्मिक किरणांच्या माथी मारून मोकळं व्हायचे दिवस तेव्हाच संपले.

ईसीसीचा हिशेब असा. साध्या पद्धतीत ६४ बिट माहितीला ८ बिट तपासणीचे, एकूण ७२. एक चुकीचा बिट दुरुस्त, दोन चुकले तर फक्त ओळखता येतात आणि मशीन पडतं. सर्व्हरमध्ये एक्स४ चिपच्या (दर चिपमागे ४ बिट) स्टिक असतील तर एसडीडीसी असतं, म्हणजे एक अख्खी चिप गेली तरी निभावतं. एक्स८ स्टिकवर ती चैन नाही. स्टिकरवर २आरएक्स४ लिहिलंय की २आरएक्स८ ते आत्ताच बघून ठेवा. पण धागाकर्त्यांचा बिघाड चॅनेलच्या सामायिक भागात दिसतोय. एकाच वेळी दोन चिपच्या रेषांवर चूक झाली तर एसडीडीसीसुद्धा हात टेकतं. आज दुरुस्त होतंय ते नशीब.

फेज३, तुमच्या पद्धतीला माझा आक्षेप एवढाच की सी-स्टेट बंद केल्यावर ती स्टिक तशीच राहते. सहा महिन्यांनी कोणीतरी वीजबिल कमी करायला प्रोफाइल बदलतो आणि एरर परततात, तोवर वॉरंटी संपलेली असते.

हिंजवडी_फेज३ (मंगळवार, ११.२०)

वॉरंटीचा मुद्दा मान्य. पण लेटन्सीसाठी बंद ठेवणं चुकीचं म्हणू नका.

जलतरंग (मंगळवार, ११.४५)

लेटन्सीसाठी जरूर बंद ठेवा, पण मग कोरचा सी६ सरसकट बंद करताना एक हिशेब लक्षात घ्या. टर्बो किती चढणार हे किती कोर जागे आहेत त्यावर ठरतं, आणि सी१ मधला कोर त्या मोजणीत जागाच धरला जातो. सगळे कोर सी१ मध्ये अडवले की एकट्या धाग्याला मिळणारा वरचा टर्बो हातचा जातो. लोक "परफॉर्मन्स" म्हणून सी६ बंद करतात आणि एकधागी काम हळू झालं म्हणून धागा काढतात. लेटन्सी हवी तर पॅकेज मर्यादा सी०/सी१ वर आणि कोर सी६ चालू, हा माझा आवडता मध्य. त्याहून कडक हवं असेल तर ट्यून्डची लेटन्सी-परफॉर्मन्स प्रोफाइल; ती सेवा चालू असेपर्यंत खोल स्टेट अडवते आणि बंद केली की सोडून देते, बूट पॅरामीटरमध्ये खिळे ठोकावे लागत नाहीत. आयडल=पोल मात्र कोणी लावू नका, कोर रिकामा असतानाही पूर्ण धावतो, आणि हायपरथ्रेडिंगमधल्या जोडीदाराचं खाणं खातो.

वीज: बीएमसीकडून (सर्व्हरवर नजर ठेवणारी बोर्डावरची वेगळी चिप) डीसीएमआयचं पॉवर रीडिंग आयपीएमआयटूलने आधी आणि नंतर घ्या. फरक मशीनगणिक बदलतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. समजा ३० वॉट निघाला तर वर्षाला सुमारे २६३ युनिट, महावितरणच्या तुमच्या दराने गुणा, आणि एसीचा खर्च त्यावर वेगळा धरा. एका मशीनला किरकोळ, चार रॅकना नाही.

नवीन_सभासद_धनकवडी (मंगळवार, १२.०५)

माझ्याकडे केव्हीएमच्या व्हीएममध्ये (आभासी मशीनमध्ये) ईडॅक सगळे आकडे शून्य दाखवतो. म्हणजे रॅम चांगली ना?

शेपूची_भाजी (मंगळवार, १२.२०)

नाही हो. पाहुण्याला, म्हणजे व्हीएमला, खऱ्या रॅमचे रजिस्टर दिसतच नाहीत, होस्टवर बघा. होस्टवरही शून्य असेल तर आधी मोजणी चालू आहे का ते तपासा. ईडॅकचा योग्य ड्रायव्हर लोड झालाय का? सिसएफएसच्या ईडॅकमध्ये एमसी० नावाची डिरेक्टरीच नसेल तर शून्याला काही किंमत नाही. कॅस्केड लेकला एसकेएक्स-ईडॅक, आइस लेक आणि पुढे आय१०एनएम-ईडॅक, एएमडीला एएमडी६४-ईडॅक.

काही बायोस "फर्मवेअर-फर्स्ट" पद्धतीने चूक आधी स्वतः गिळतात, थ्रेशोल्ड ओलांडला तरच ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतात. तेव्हा बीएमसीचा एसईएल (घटनांची नोंदवही) आयपीएमआयटूलने वाचा. दोन्हीकडे शांतता असेल आणि खात्री हवी असेल, तर बायोसमध्ये एरर इंजेक्शन (मुद्दाम चूक घालण्याची सोय) चालू करून ईआयएनजेमार्फत प्रकार ८, म्हणजे मेमरी करेक्टेबल, सोडून बघा. चाचणी मशीनवरच. नोंद उमटली तर साखळी शाबूत.

नोंदी टिकवायला रासडीमन लावा, रेकॉर्ड पर्यायासह. सगळं एसक्यूलाइटमध्ये राहतं आणि रास-एमसी-सीटीएल समरी देतो. जुना एमसीलॉग सोडून द्या, झेन प्रोसेसरवर तर तो चालतही नाही. रासडीमनमध्ये एका पानावर २४ तासांत ५० चुका झाल्या की ते पान बाजूला काढायची सोय आहे. खराब सेल असेल तर ती कामाची. धागाकर्त्यांच्या केसमध्ये पत्ते विखुरलेत, त्यामुळे एकही पान ५० पर्यंत पोचणार नाही. तीच गोष्ट पोस्ट पॅकेज रिपेअरची: ती रीबूटला एका रोच्या जागी चिपमधली राखीव रो जोडते. रो हा दोषच नसेल तर राखीव रो वाया.

बुधवारपेठी (मंगळवार, रात्री ९.३०)

बरंच सॉफ्टवेअर झालं. आता स्क्रू-ड्रायव्हर घ्या.

दोन्ही पॉवर केबल काढा. फक्त बंद करून चालत नाही, स्टँडबाय वीज बोर्डावर राहते. बोर्डावरचे दिवे विझेपर्यंत थांबा. मनगटाला अँटीस्टॅटिक पट्टा, तो चासीच्या उघड्या धातूला. त्या चॅनेलची स्टिक कुठली हे चासीच्या झाकणावरच्या नकाशात बघा. लिनक्सचं "चॅनेल १" म्हणजे बोर्डावरचं बी असेलच असं नाही, कंपनी-कंपनीप्रमाणे बदलतं. डीएमआयडीकोड (हार्डवेअरची यादी देणारी लिनक्सची कमांड) मधला सीरियल नंबर आणि स्टिकवरचा स्टिकर जुळवा, मगच ओढा.

काढल्यावर सोनेरी कडा तिरप्या उजेडात धरा. प्रत्येक पट्टीवर खालच्या टोकाकडे एक बारीक आडवी खूण दिसेल, स्लॉटच्या पिनेने घासल्याची. त्या खुणा एका सरळ रेषेत पाहिजेत. एका टोकाला खुणा कडेच्या जवळ आणि दुसऱ्या टोकाला आत असतील तर स्टिक तिरकी बसलेली होती. हे फार कॉमन आहे: एका बाजूचं कुलूप खट्ट वाजतं, दुसरं अर्धवट लागतं, मशीन बूट होतं आणि सगळे खूष. काळपट किंवा चिकट थर दिसला तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड, एकाच दिशेने पुसा. खोडरबर अजिबात नको. तपकीर गल्लीत अजूनही निम्मी दुकानं खोडरबर फिरवतात. त्याने सोन्याचा मुलामा जातो, रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो, आणि महिनाभर बरं चालून पुन्हा तेच. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण जातात. हवेचा डबा उभा धरून मारा, आडवा धरला तर गार द्रव बाहेर येतो.

आता अदलाबदल. संशयित स्टिक सॉकेट १ च्या कुठल्याही चॅनेलवर, तिथली इकडे. एवढंच. त्याच वेळी बायोस अपडेट, सेटिंग बदल, तिसरी स्टिक, काही नाही. पहिल्या बूटला बायोसमधलं मेमरी फास्ट बूट बंद ठेवा म्हणजे ट्रेनिंग (बूटच्या वेळी रॅमचं टायमिंग जुळवणं) नव्याने होईल. मशीन पाच-दहा मिनिटं काळी स्क्रीन दाखवेल, घाबरून बटण दाबू नका.

एरर स्टिकबरोबर गेली: स्टिक. स्लॉटशीच राहिली: स्लॉट, बोर्ड, सॉकेट किंवा सीपीयू. कुठेच नाही राहिली: संपर्क होता, तरी महिनाभर डोळा ठेवा.

भोसरी-चाकणच्या शेडमधल्या मशीन असतील तर धातूचा भुसा आणि तेलाची वाफ यांचा थर आधी बघावा. पावसाळ्यात ओल त्यात भर घालते.

चिमणबाग (बुधवार, सकाळी ८.१५)

घरच्या रायझनवर ईसीसी रॅम टाकून होम सर्व्हर केलाय, रिकामा असला की गोठतो. एरर काहीच नाही. हेच प्रकरण का?

मॅकचेक (बुधवार, ९.००)

वेगळं. पहिल्या पिढीच्या रायझनचा प्रसिद्ध दोष आहे तो. आयडलमध्ये करंट इतका कमी होतो की काही जुने पॉवर सप्लाय सांभाळू शकत नाहीत. बायोसमध्ये "पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल" शोधा आणि "टिपिकल करंट आयडल" करा. तो पर्याय नसेल तर बायोस अपडेट, तेही नसेल तर पॅकेज सी६ बंद. रॅमचा यात हात नाही, म्हणूनच एरर शून्य. पुढचं बोलायला वेगळा धागा काढा, हा आधीच लांबलाय.

कोथरूड_डेपो (पुढचा सोमवार, सकाळी १०.३०)

अपडेट. पॅकेज सी६ अडवल्यावर एरर शून्य, पूर्ववत केल्यावर परत. स्ट्रेस-विश्रांतीच्या लूपमध्ये दुपारीही दिसल्या. स्टिकवरच्या खुणा सरळ होत्या, कडा स्वच्छ. अदलाबदल केली: एरर स्लॉटशीच राहिली. म्हणजे सॉकेट ०, चॅनेल १, आता दुसऱ्या स्टिकवर. जुनी संशयित स्टिक सॉकेट १ वर गुपचूप बसली आहे.

हिंजवडी_फेज३ (सोमवार, १०.३८)

म्हणजे वॉरंटीत स्टिक बदलून घेतली असती तर काहीच साधलं नसतं. घ्या, कुंडली कामी आली.

बुधवारपेठी (सोमवार, दुपारी २.१०)

मग हीटसिंक उघडा. तुमच्या ३६४७ सॉकेटला मेमरीच्या रेषा सीपीयूच्या पोटातूनच जातात आणि हीटसिंकचा दाब असमान असला की एखाद्या चॅनेलचा संपर्क कच्चा राहतो. लेबलवर जो क्रम असतो त्यानेच नट आवळायचे आणि सैल करताना उलट क्रमाने जायचं, टी३० टॉर्क्स बिट, टॉर्क १२ इंच-पाउंड. हाताच्या अंदाजाने नको, टॉर्क ड्रायव्हर भाड्याने आणा. सीपीयू हीटसिंकसकट वर येतो, तो सरळ उचला. कोनात उचलला तर पिना वाकल्याच म्हणून समजा. सॉकेटवर मोबाइलचा फ्लॅश एका बाजूने मारून चार दिशांनी फोटो काढा. सगळ्या पिनांची चमक सारखी दिसली पाहिजे, एखादी वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे. तिला सुईने सरळ करायला जाऊ नका, वॉरंटी तिथेच संपते. सीपीयूच्या खालच्या पट्ट्यांवर थर्मल पेस्ट लागलेली असेल तर अल्कोहोलने पुसा. पेस्ट नवीन लावा, जुनीवर नवी नको.

पिना ठीक असतील तर दोन सीपीयू एकमेकांच्या जागी घाला. एरर सॉकेट १ वर गेली तर सीपीयूतला कंट्रोलर, जागीच राहिली तर बोर्ड.

शेपूची_भाजी (सोमवार, ३.००)

वॉरंटी चालू असेल तर हीटसिंक उघडायच्या आधी टिकिटावर लिहून परवानगी घ्या. पिना वाकलेल्या सापडल्या तर "तुम्हीच वाकवल्या" हे उत्तर तयारच असतं. टिकिटात एवढं टाका: अदलाबदलीच्या आधीच्या आणि नंतरच्या ईडॅकच्या ओळी, दोन्ही स्टिकचे सीरियल, टर्बोस्टॅटच्या पीसी६ सोबतच्या वेळा, आणि पॅकेज सी६ अडवल्यावरचा व पूर्ववत केल्यानंतरचा एररचा आकडा. थ्रेशोल्डचं कारण यापुढे चालणार नाही, कारण तुम्ही स्टिक मागतच नाही आहात.

मॅकचेक (सोमवार, ४.२०)

तोवर पॅकेज मर्यादा सी०/सी१ वर ठेवून मशीन चालवा, ते योग्यच आहे. फक्त टिकीट बंद करू देऊ नका. जमलं तर त्या मशीनवरून महत्त्वाचे व्हीएम दुसरीकडे न्या.

बोर्ड बदलून आला की बायोस कारखान्याच्या सेटिंगवर येतो. पॅट्रोल स्क्रब चालू आहे का, पॅकेज मर्यादा पुन्हा मोकळी केली का, रासडीमनमधली स्लॉटची लेबलं नव्या बोर्डावर जुळतात का, हे तीन बघा. आणि मोकळ्या मर्यादेवरच स्ट्रेस-विश्रांतीचा लूप पुन्हा चालवा, सी-स्टेट अडवून चाचणी घेतली तर नवा बोर्डही पासच होईल.

कोथरूड_डेपो (सोमवार, ५.०५)

टिकिटात सगळं टाकलं. त्यांचा इंजिनिअर गुरुवारी बोर्ड घेऊन येतोय, सीपीयूची अदलाबदल त्याच्याच हातून करवून घेतो.